पेंडीची पाटी

चौक, पौष वद्य ४

किळस आली आज. लोधिवलीला देवी टोचायला गेलो होतो, तिथली ती पेंडीची पाटी काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. एका घरात महिन्याचं पोर पुढे केलं. टोचायचं कुठे? दंड माझ्या अंगठ्याएवढा. हत्यार परत पेटीत ठेवलं.

पोराची आई कुडाला टेकून बसलेली, नुसती हाडं. सासूला विचारलं, "हिला खायला देत होता की नाही?"

"देत व्हतो की! पाचव्या महिन्यापास्नं येकच भाकर. पोर पोटात वाढलं तं बाय आडते, सायेब. बगा, कसं हलकं सुटलं!"

आणि मागे गोठ्यात म्हशीपुढे ती पाटी, काठोकाठ भरलेली. म्हटलं, मग म्हशीला एवढं का? म्हातारी मलाच हसली. "ती गाभन हाय नं! रेडकू मरतुकडं निपजंल."

म्हशीचं कळतं! सुनेचं कळत नाही! तोंडाला येईल ते बोललो मी. अख्खी आळी गोळा झाली.

घरी येऊन जेवायला बसलो. आमच्या हिला सातवा महिना चालू आहे. आईने मला दुसऱ्यांदा भात वाढला आणि पातेल्यात उरलेला मूठभर बाजूला सारला. म्हणाली, "हिला एवढा पुरे. मूल हलकं सुटेल."

ही दाराआड उभी होती. ती पाटी इथेही होती, माझ्यापुढे.

लोधिवलीत एवढ्या सुटलेल्या जिभेने इथे फक्त ताक मागितलं. ताटातला सगळा भात मी संपवला.