‘थांबा’ म्हणायचं काम

सोमवार, ९ सप्टेंबर
वाचा-उपचार विभाग, दुपारची सुट्टी

ती. दादा,

बारकीचा नमस्कार. पत्र कसं लिहायचं ते तूच मला शिकवलं होतंस. आधी खुशाली, मग कारण, शेवटी मोठ्यांना नमस्कार. त्याच क्रमाने जायचा प्रयत्न करते.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण आमची लिफ्ट एकदाची दुरुस्त झाली, त्यामुळे भागतं. तुझी पाठ कशी आहे? वहिनी म्हणाल्या, तू पुन्हा लेथवर उभा राहायला लागलास. पट्टा बांधत जा. (त्यांच्यावर चिडू नकोस. त्या मला फोन करतात हे तुला ठाऊक असणारच. तीन माणसांच्या घरात कोण बाल्कनीत जाऊन कुजबुजतंय हे कळायला काय पंचांग लागतं?)

फोन न करता पत्र, कारण फोन तू कापतोस. आणि नाही कापलास तरी तुझा आवाज ऐकला की मी सांगायचं सोडून भलतंच बोलत बसते. ही खोड तुला माहीत आहे. फुलदाणी फुटली तेव्हा मी तुला मांजराची गोष्ट सांगत बसले होते.

आपल्या भिंगरीला ऑपरेशननंतरच्या पाच महिन्यांत एकही फिट आली नाही, हे वहिनींकडून कळलं. नवा एमआरआय मी इथे पाहिला. गाठ जवळजवळ सगळी निघाली आहे. कडेला काही दिसत नाही. तसं पाहिलं तर आपण ज्यासाठी गेलो होतो ते झालं.

आठवतं, सुरुवात कशी झाली? मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आली होती आणि जेवताना कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल करत होती. वाक्य मधेच तुटलं. उजवा हात ताटाशी थरथरत राहिला. तुला वाटलं, नक्कलच चालली आहे. तू हसलास, मीही हसले. मग दुकानात फिट आली आणि तापलेली सोल्डरिंगची कांडी मांडीवर पडली. गोळ्या एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. मालकाने तिला कामाच्या टेबलावरून उठवून गल्ल्यावर बसवलं, तर ती मला म्हणाली, “आत्या, मला बसून पगार नको. मला उघडून बघायला आवडतं.” तेवीस वर्षांची पोर. नंतर डोक्याचा फोटो काढला. डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला चिकटून, लिंबाएवढी गाठ.

सर्जननी तुला आणि वहिनींना समोर बसवून काही लपवलं नाही. गाठ हळू वाढणारी आहे, पण वाढणारी आहे. जेवढी मागे राहील तेवढी पुन्हा डोकं वर काढेल, आणि जेवढी जास्त काढू तेवढा बोलण्याला धोका. तू म्हणालास, “डॉक्टर, मी चाळीस वर्षं लोखंड कापतोय. सूतभर इकडंतिकडं झालं की माल भंगारात. पण लोखंड दुसरं आणता येतं.”

त्यावर त्यांनी वचन दिलं नाही. दिलं ते मी. बाहेर आल्यावर तुझा हात धरून म्हणाले, “दादा, सगळी निघेल. मी आत असेन ना!” सगळी निघेल असं सर्जन एकदाही म्हणाले नव्हते. ते माझ्या पदरचं होतं.

सुट्टी संपली. बाहेर माझे पेशंट बसले आहेत.

बुधवार, ११ सप्टेंबर
घरून, सकाळी

दोन दिवस हा कागद पर्समध्ये घेऊन फिरले. आज रजा टाकली आहे. शुक्रवारी चौकशी समिती बसणार आहे. तू सर्जनविरुद्ध जी तक्रार दिलीस, तिच्यावर. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. उद्या वहिनी गोळ्या न्यायला येतील तेव्हा त्यांच्याकडे देईन. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही.

वहिनींनी गेल्या आठवड्यात आणखी एक सांगितलं, ते सोमवारी मी गिळलं. भिंगरीला एकच शब्द येतो. पाणी हवं असेल तरी “किल्ली”, पंखा बंद करायचा असेल तरी “किल्ली”, रडायला आलं तरी तेच. आणि म्हणे तू एका संध्याकाळी घरातल्या सगळ्या किल्ल्या एका कडीत घालून तिच्यापुढे धरल्यास. कपाटाची, गोदामाची, सायकलच्या कुलपाची, आईच्या पेटीचीसुद्धा. एकेक दाखवून विचारत राहिलास, “ही का बाळा? ही?” तिने कडी भिंतीवर फेकली.

दादा, ती कुठलीच किल्ली मागत नाही. तो शब्द कुठून आला हे मला माहीत आहे.

ऑपरेशनच्या खोलीत काय होतं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. आधी झोपवून डोकं उघडतात, मग जागं करतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. सर्जन विजेच्या बारीक कांडीने एकेक जागा तपासतात. कांडी टेकली आणि बोलणं अडखळलं, की ती जागा राखायची, तिथे सुरी न्यायची नाही. मग गाठ काढत असताना पेशंटने सतत बोलत राहायचं. समोरच्या पडद्यावर चित्रं येतात, दर चार सेकंदांनी एक. तिने नाव सांगायचं. आणि समोर बसलेल्या माणसाचं काम एवढंच, की नाव चुकलं, उशीर झाला, जीभ जड झाली, तर त्या क्षणी “थांबा” म्हणायचं. विचार करायचा नाही. खरं-खोटं करायचं नाही. सर्जनला तिचं तोंड दिसत नाही, पडदाही दिसत नाही. त्यांचे डोळे म्हणजे आपण.

आपल्या माणसापुढे बसायचं नाही, असा नियम आहे. भिंगरीच अडून बसली. “आत्या समोर असेल तरच डोकं उघडू देईन. परक्या बाईला काय मी छत्री-कोंबडी सांगत बसू?” सर्जननी मला बाजूला घेऊन विचारलं, “नातं दाराबाहेर ठेवून येता येईल?” मी म्हणाले, “बावीस वर्षं तेच करतेय.”

सरावाच्या वेळी बैलाचं चित्र आलं की ती “बाबा” म्हणायची. आतही पहिल्यांदा बैल आला तेव्हा म्हणालीच. भूल देणारे डॉक्टर हसले, सर्जन मास्कमधून हसले. मी दटावलं, “शहाणपणा पुरे. नीट सांग.” ती म्हणाली, “बैल, बैल. जागेपणी तरी हसू दे की गं.”

दोन तास सगळं सुरळीत चाललं. छत्री. कोंबडी. शिडी. तिचे ओठ सुकले होते, मी कापसाने ओले करत होते. सर्जन म्हणाले, “आता थोडीच राहिली आहे. कडेची.”

पडद्यावर कात्री आली. ती म्हणाली, “किल्ली.”

मी “थांबा” म्हणाले नाही.

पुढचं चित्र घड्याळाचं. “किल्ली,” ती म्हणाली, आणि या वेळी तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. तिसरं चित्र बादलीचं. तिने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तेव्हा मी ओरडले. सर्जनचा हात तिथल्या तिथे थांबला. पण मी बोलले तेव्हा.

बारा सेकंद. एवढ्यात तुझी टोपीसुद्धा खुंटीवर लागत नाही.

हे पाच महिने मी स्वतःला सांगत आले, की मला वाटलं ती थट्टा करतेय. बैलाला बाबा म्हणणारी पोर कात्रीला किल्ली म्हणाली तर नवल काय? समितीपुढे हेच सांगायचं मी ठरवलं होतं. वाक्यंही पाठ केली होती. सोमवारी तुला हेच लिहायला बसले होते.

पण ते खरं नाही. थट्टा करताना तिच्या डाव्या गालाला खळी पडते, हे तुला माहीत आहे आणि मलाही. खळी पडली नव्हती. तिचे डोळे माझ्यावर खिळले होते आणि त्यांत भीती होती. मला पहिल्याच चित्राला कळलं. कळूनही मी गप्प बसले, कारण थोडीच राहिली होती. मी तुला “सगळी निघेल” म्हणून बसले होते. मी मनात म्हणाले, अजून एक चित्र जाऊ दे, तेवढ्यात कडेची निघेल, पुन्हा हे सगळं नको. मी तिचं बोलणं पणाला लावलं, दादा. तिला न विचारता. आणि ती समोर जागी होती.

त्यानंतर मी आणखी एक केलं. नोंदीच्या कागदावर कात्रीसमोर बरोबरची खूण केली.

तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा तिने माझं मनगट धरलं. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळून म्हणाली, “किल्ली.” तू म्हणालास, “बघ, लॉकरची किल्ली मागतेय. तुला ओळखलं तिने.” ओळखलंच होतं. त्या दिवसानंतर मी आले नाही. तुला वाटतं, जिन्यात तू मला “तू त्यांच्यातली आहेस” म्हणालास म्हणून मी रुसले. तसंच वाटू दिलं. माझ्या सोयीचं होतं. दुसऱ्यांच्या मुलांना बोलायला शिकवणारी बाई स्वतःच्या भाचीला पाच महिने तोंड दाखवत नाही, आणि कोणी का विचारलं, तर भावाचं नाव पुढे करते.

सर्जन आता जागेपणीची ऑपरेशनं करत नाहीत. तू तक्रारीत “हाव सुटल्यासारखं कापत गेले” असं लिहिलंस, ते त्यांनी वाचलं आहे. गेल्या महिन्यात माझ्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, “बाई, ओरडण्याआधी तुमच्या काही लक्षात आलं होतं का? मी कुठेतरी उशीर केला.” मी म्हणाले, “नाही, डॉक्टर.” ते मान हलवून गेले.

आधी थांबवलं असतं तर वाचा राहिली असती का? कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. एखादी बारीक रक्तवाहिनी आधीच गेली असेल, असंही समितीतले लोक म्हणतील. ते म्हणतील, तू ऐकून घे. मी त्यामागे लपणार नाही. शुक्रवारी मी नोंदीचा कागद पुढे ठेवून जे झालं ते सांगणार आहे. नोकरी राहणार नाही, आणि राहूही नये. तुझ्या तक्रारीतलं सर्जनचं नाव खोड आणि तिथे माझं घाल. आडनाव तेच आहे, लिहायला जड जाईल. तरी घाल.

मंगळवारपासून एक बाई तिला बोलायला शिकवायला घरी येतील. माझ्या हाताखालच्या नाहीत, माझ्या वरच्या होत्या, आता निवृत्त आहेत. वर्ष लागेल, दोन लागतील. किती परत येईल ते त्याही सांगणार नाहीत, आणि सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. पण मी पाठवलं म्हणून त्यांना दारातून परत पाठवू नकोस. राग माझ्यावर काढ.

आता एकच मागते. माफी नाही, ती मागायला मी तुझ्यापुढे उभी राहीन तेव्हा बघू, उभं करशील तर. हे पत्र एकट्याने वाचून फाडू नकोस. भिंगरीसमोर बस आणि तिला मोठ्याने वाचून दाखव. वहिनी म्हणतील, तिला कशाला त्रास, तिला काय कळतंय. तिला सगळं कळतं. गेलं आहे ते बोलणं, समज नाही. तिच्यापुढे तुम्ही डॉक्टरांना शिव्या देता, तेव्हा ती उशी फेकते ना? खरं काय झालं ते पाच महिने त्या घरात फक्त तिला माहीत होतं, आणि सांगायची वाट मी बंद केली होती. आता तुलाही माहीत आहे, एवढं तिला कळू दे.

वाचताना तिने तुला थांबवलं तर थांब.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
बारकी

(मी तिची आत्या आहे की नाही, ते तिने ठरवायचं.)