शोभा सहाच्या टेबलावर

३ नोव्हें., सोम.
बायकोची लातूरला बदली होऊन पाच महिने झाले. मी नांदेडातच. रोज आठला दोघं मोबाइलवर पोकर खेळतो, फुकटच्या चिप्सवर. नऊ जणांचं टेबल. चांगले पत्ते येईपर्यंत टाकत बसायचं, तोवर फोनवर गप्पा. मीच शिकवलं तिला. आज म्हणाली, "नऊवर झोप येऊन राहिली. मी सहा जणांच्या टेबलावर जाते." गेलीसुद्धा.

४ नोव्हें.
सहावर बोलायला फुरसत नसते म्हणे. माणसं कमी, त्यामुळे ब्लाइंडच्या सक्तीच्या चिप्स सारख्या भराव्या लागतात, म्हणून हलक्या पत्त्यांवरही उतरायचं. कोणी शिकवलं? "हापिसातले वाघमारे सर. लई डेरिंगचा माणूस हाय."
लई! बारा वर्षांत माझ्या वाट्याला आला नाही हा शब्द.

६ नोव्हें., गुरु.
जळफळाट. खोट्या नावानं त्यांच्या टेबलावर बसलो. सवयीनं एक्क्याची वाट बघत राहिलो, तेवढ्यात ब्लाइंड भरून भरून साफ. सर हातात काही नसताना चिप्स वाढवून रेझ करतात नि ही त्यांना हसरा चेहरा पाठवते. दोनदा. लाज वाटते लिहायला, पण मोजले.

८ नोव्हें., शनि.
शोभा लातूरहून घरी आली. मेथी निवडता निवडता, "एक नवा बसून राहिला टेबलावर. नुसते पत्ते फेकतो. सर म्हणले, हा नऊवरचा गडी हाय, रेझ केला की समजायचं एक्केच हायेत."
"मग तू काय म्हणलीस?"
"हसले."
पुढं विचारायचं होतं. कोणत्या तोंडानं...

११ नोव्हें., मंगळ.
टेबलावर तिघंच उरलो. सर, शोभा, नि खोट्या नावाचा मी. हातात सत्ती नि दुर्री, याहून भिकार पत्ते नाहीत. सगळ्या चिप्स लावल्या. डेरिंगवाल्या सरांनी लगेच पत्ते टाकले! शोभा बराच वेळ थांबली. मग उतरली, चव्वीच्या साध्या जोडीवर. जिंकली.
एक्क्याशिवाय कधी न उतरणारा माणूस आज थापा मारतोय, हे तिला कसं कळलं?
मग टेबलाच्या चॅटवर तिचा मेसेज. "जेवलात का?"
नाव नाही, काही नाही. मला विचारलं की सरांना?
सर टाइप करतायत असं दिसतंय. मी 'नाही' लिहिलं, पुसलं. परत लिहिलंय. पाठवलेलं नाही.