तुझे पाहुणे, तुझ्या मिरच्या

प्रिय आत्या,

तू गेल्यावर मी रडले नाही. आज सकाळी गच्चीवर तुझ्या मिरचीची रोपं ताठ उभी दिसली आणि "आत्या, बघ!" असं मोठ्याने म्हणत जिन्याकडे वळले. जिन्यात कोणी नव्हतं. म्हणून लिहितेय.

तू पेरलेला हा शेवटचा ट्रे. मी आले तेव्हा एका कोपऱ्यातली रोपं मातीलगत काळी पडून आडवी झाली होती. बुरशी! रोज थोडी पुढे सरकायची. हाही ट्रे गेला असता, तर तुझ्या हातचं जिवंत असं काय उरलं असतं गं?

शेजारचे काका डोकावले. "काय गं, आत्याबाईंचं दही लावणं तूही चालू ठेवणार का? बुरशी मारायची निळी पावडर मार आणि मोकळी हो."

"तिने ऐकलं असतं का, काका?"

"छे! मलाच जिना दाखवला असता," काका म्हणाले. उगाच चष्मा पुसत राहिले.

तुझ्या जिवाणूंच्या पुडीला ते कायम दहीच म्हणायचे. मला मात्र तू एसटीचं सांगितलं होतंस. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे मातीतले हे चांगले जिवाणू मुळांवर आधी जागा धरतात, मग बुरशीला टेकायला मिळत नाही. शाळेत कोणी असं सांगितलं असतं तर मी टिकले असते का? जाऊ दे. एसटीवरून आठवलं, इथे येताना चिपळूणला एक माणूस कोंबडीसकट माझ्या रुमालावर बसला! हे तुलाच सांगायचं होतं. आता कोणाला सांगू?

तर, पुडी घेऊन नळ सोडला आणि तुझा ओरडा आठवला. "अगं ए! नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. माझे पाहुणे दारातच मरतील!" मग बादली उन्हात उघडी ठेवली आणि औषध उडून जाईपर्यंत शेजारी बसून राहिले. दिवसभर. मी! इतकं गप्प घर मी कधी ऐकलं नव्हतं.

मेलेली रोपं मातीसकट काढली. ऊन उतरल्यावर पुडी पाण्यात कालवून उरलेल्यांच्या मुळाशी ओतली. आडवी पडलेली पुन्हा उठत नाहीत, हे तूच सांगितलं होतंस.

आणि आजारी आहेस, हे का नाही सांगितलंस? फोनवर नुसतं "सध्या कुठे भटकतेयस?" मी आले असते गं. आले असते का? निदान बोलावून तरी बघायचंस!

बुरशी तिथेच थांबलीय. निम्मा ट्रे वाचला.

ही रोपं कुंड्यांत जाऊन मिरच्या धरेपर्यंत मी तुझं हे विश्रांतवाडीचं घर सोडत नाही. काही मिरच्या झाडावरच लाल होऊ देईन, बियांसाठी. पुढच्या वेळी मातीत आधी तुझे पाहुणे जातील, मग बिया. मधे कदाचित मी निघेनही, माझा काय भरवसा! पण पेरायला परत येईन. दार उघडायला कोणी नसलं, तरी.

तुझीच,
मुक्ता