पंचावरचं फिनिशिंग कुणाचं?

शुक्रवार संध्याकाळ, खासबाग

माझ्या वर्कशॉपातल्या लेथचा टूलपोस्ट, टूल घासायची जिग, पत्र्याला भोकं पाडणारे प्रेसचे पंच. सगळं या हातांनी केलं, कुणी शिकवलं नाही. आज कार्बाइड टूल विकणारा सेल्समन आला. त्याच्याच टूलनं लेथवर ताजा टर्न केलेला टूल स्टीलचा पंच त्या शहाण्यानं घामट अंगठ्यानंच उचलला, घामानं लगेच डाग पडला.

"अण्णा, हा पंच मला विका, प्रदर्शनात ठेवतो. आमच्या टूलचं फिनिशिंग म्हणून पाटी लावतो."

"तुझ्या टूलनं नुसत्या रेघा पडत हुत्या. त्याचं टोक मी हातानं घासलं, तवा हे आलं. पाटीवर ते लिहितोस काय रं?"

"ते कसं लिवायचं? कंपनी न्हाय म्हणंल."

अंगठ्याचा डाग तेलानं पुसला, तरी डोकं शांत होईना. मी जास्त बोललो का? मुळीच नाही. डागासकट त्या एका पंचाचे पंधरा हजार देत होता. नको म्हणून सांगितलं.