साडेनऊची शिलाई

प्रिय दादा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. बाबांनी घे बोल म्हणून पुढे केला आणि मी नुसती मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे तू मला शंभर वेळा सांगितलंयस. म्हणून लिहितेय. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं मोठं काही लिहिलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

आई घरी आली. उजवा हात आणि पाय नाहीतच म्हण. व्यायाम शिकवायला एक बाई येतात, त्या तिला रबरी चेंडू दाबायला देतात. तो घरंगळतो आणि मी कॉटखाली वाकून काढून आणते, दिवसभर तेच. बोलायला एकच शब्द उरलाय, नको. भूक लागली का विचारलं तर नको म्हणते आणि तोंड उघडते. बाबा म्हणाले, पंचवीस वर्षांत आत्ता कुठे हिच्या मनातलं ओळखायला लागलोय. स्वतःच हसले आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले. आईच्या मशीनवर शर्टांच्या कॉलरी अर्ध्याच शिवून राहिल्या होत्या, त्या कारखान्याचा माणूस येऊन घेऊन गेला.

तुला आजोबांचं आठवतं का, आईच्या बाबांचं? तू तेव्हा हॉस्टेलला होतास. मी नऊ वर्षांची, आईबरोबर रोज जायचे, आत्ता आईला नेलं त्याच दवाखान्यात. त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, जे व्हायचं ते होऊन गेलंय. पुरुषांच्या वॉर्डात एक खाट, एक सलाईन, संपलं. आई नुसती उशी सारखी करायला गेली तरी सिस्टर ओरडायची, अहो हलवू नका त्यांना, पडू द्या शांत. अकरा दिवस आम्ही त्यांना पडू दिलं, बाराव्या दिवशी घरी आणलं ते तसंच. तेव्हापासून आई सगळ्यांना सांगायची, असा झटका आला की धावपळ करायची नाही, माणसाला हलवायचं नाही, अंधार करून झोपवायचं. शेजारच्या काकू तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायच्या.

त्या दिवशी साडेनऊला तिची शिलाई वाकडी गेली. बाबा गॅरेजवर गेले होते, मी समोर बसून दोरे कापत होते. आईची शिलाई वाकडी जाते का कधी? मी वर बघितलं तर कापड तिच्या हातातून सुटत होतं. काय होतंय विचारलं तर तोंडात घास असल्यासारखं काहीतरी बोलली, ओठाचा एक कोपरा खाली आला होता. घड्याळ तिच्या डोक्यावरच आहे, म्हणून वेळ पक्की. मला कळलं हे काय आहे. आजोबांचं तोंड असंच झालं होतं. मग तिनेच शिकवलेलं सगळं केलं. झोपवलं, खिडकी लावली, अंगावर चादर घातली. बाबांनाही कळवलं नाही, उगाच धावपळ होईल म्हणून.

तीनला बाबा जेवायला आले. तेवढ्यात आई उठायला गेली आणि कॉटवरून पडली. बाबांना वाटलं, हे आत्ताच झालं. मी काहीच बोलले नाही.

दवाखाना आता तो राहिला नाही, दादा. दारातूनच स्ट्रेचर पळवत नेलं, ना रांग ना केसपेपर. डोक्याचा फोटो लगेच काढला. एक तरुण डॉक्टरीण सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिने विचारलं, यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? बाबा म्हणाले, तीनला माझ्यासमोर पडली. ती म्हणाली, मग वेळ आहे, डोक्यातली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. बाबा तिथेच रडायला लागले. सिस्टरने वजन विचारून औषध भरायला घेतलं. मी दारात आईच्या चपला धरून उभी होते. मी साडेनऊ म्हटलं. कोणाला ऐकूच गेलं नाही. मग पुढे होऊन डॉक्टरीणबाईंची बाही ओढली आणि पुन्हा म्हटलं. सिस्टरचा हात थांबला. बाबांनी माझ्याकडे बघितलं, ते कसं ते मला लिहिता येणार नाही.

ते इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्त सुटून माणूस जाऊ शकतो. मोठ्या दवाखान्यात म्हणे पायाच्या नसेतून तार घालून गाठ ओढून काढतात. अजून फोटो काढून तिकडे पाठवले, तर उत्तर आलं की मेंदूचा तो भाग गेलाय, आता उपयोग नाही. नंतर डॉक्टरीणबाई बाकावर माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, तू बोललीस ते फार बरं केलंस. मी विचारलं, साडेनऊलाच आणलं असतं तर? त्यांनी माझ्या हातातल्या चपला घेतल्या आणि खाली ठेवल्या.

तर आता ऐक. बाबांनी तुला सांगितलं की इंजेक्शन संपलं होतं आणि त्या डॉक्टरीणबाईंनी वेळ घालवला. ते खोटं आहे. माझ्यासाठी बोलले ते. तू रविवारी मित्रांना घेऊन दवाखान्यात जाणार, तिला सोडणार नाही असं म्हणालास, तेव्हा बाबा गप्प बसले. आजोबांच्या वेळचं मला माहीत होतं, आत्ताचं माहीत नव्हतं, एवढंच बाबांना ठाऊक आहे. एक गोष्ट त्यांनाही ठाऊक नाही. त्या साडेपाच तासांत आई दोनदा उठायला बघत होती. डाव्या हाताने दाराकडे दाखवत होती. आणि मी तिला खांद्याला धरून परत झोपवलं, दोन्ही वेळा. रविवारी त्या बाईंकडे जाऊ नकोस. सरळ घरी ये. जे बोलायचं ते मला बोल, पण बाहेर बोल, आईसमोर नको. तिला सगळं कळतं.

तुझीच,
धाकटी