सरळ उभी राहा

आई, आज कोरडी भाकरी खाताना तुझी फार आठवण आली. घास सहज घशाखाली उतरला आणि माझा हात ताटातच थांबला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण भाकरी कोरडी असली की तू येतेसच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या एका एक्स-रे क्लिनिकात टेक्निशियन होते. दिवसभर लोकांना पांढरं बेरियम पाजायचं, गिळा गिळा म्हणायचं, आणि ते अन्ननलिकेतून कसं उतरतं ते डॉक्टरबाई पडद्यावर बघायच्या. घरी तू मात्र सगळ्यांची जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायचीस. गावाकडची रीत, बेंगळुरात येऊनही सोडली नाहीस. तासभर चालायचं ते. मी बाहेरून ओरडायचे, "किती वेळ रवंथ करतेस गं, भांडी राहिलीत." तू इथल्या कानडीत म्हणायचीस, सरी, बरं, झालंच. बाबा म्हणायचे, नखरे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मनाचं आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याही तू पाण्यात विरघळवून घ्यायचीस. तेव्हा तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

मग एकदा शहरात बंद होता म्हणून मी भरदुपारी घरी येते. तू पाठमोरी बसलेली. ताकात कुस्करलेल्या भाकरीचा घास, वर पाण्याचे तीन घोट, मान ताणलेली, एक हात छातीवर. घास उतरेना म्हणून उठतेस, मोरीत जाऊन थुंकतेस, पुन्हा येऊन बसतेस. रोज परक्या माणसांचे घसे बघणारी मी, माझ्या आईला जेवताना कधी बघितलंच नव्हतं. लाज वाटली गं.

दुसऱ्या दिवशी तुला क्लिनिकात नेलं. बाई तुला म्हणत होत्या, स्वल्प स्वल्प घ्या, अम्मा. पांढरी धार खाली आली आणि एका जागी मागून कुणी अंगठा दाबावा तशी चेपली. बाईंनी तुझ्या दोन्ही हातांची नाडी बघितली, डावीकडची मंद लागली. मग सीटी स्कॅन झाला आणि त्यांनी बाबांनाही बोलावून समजावून सांगितलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी सगळ्यांची डावीकडून कमानीसारखी वळते, तुझी जन्मापासूनच उजवीकडून वळलेली. डाव्या हाताला जाणारी तिची फांदी अन्ननलिकेच्या मागून गेलेली, डावीकडून जन्माआधीच्या रक्तवाहिनीचा उरलेला तंतू आवळलेला, मधे अन्ननलिका चिमटलेली. असं क्वचितच असतं, आणि पन्नाशीला येईपर्यंत कळत नाही असंही होतं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि बाबांकडे बघत म्हणालीस, "म्हणजे मी नाटक करत नव्हते." बाबांनी मान खाली घातली.

सर्जननी आडपडदा ठेवला नाही. मोठ्या माणसांत असली ऑपरेशनं त्यांनी मोजकीच केली होती, धोका होता. बाबा कचरले, मीही कचरले. तू म्हणालीस, "मला तुमच्याबरोबर बसून जेवायचंय, एवढंच." बाबांनी संमतीच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन नीट झालं. दीड महिन्याने तू आमच्या मध्ये बसलीस, कोरडी भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्लीस, माझ्या आधी ताट संपवलंस आणि मलाच विचारलंस, किती रवंथ करतेस. चार वर्षं तशी जेवलीस. मग दुसऱ्याच आजाराने गेलीस. फक्त चार वर्षं, आई.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. त्या बेरियमच्या दोन वर्षं आधी तुला खोकला झाला होता, तेव्हा मीच तुझ्या छातीची फिल्म काढली होती. रक्तवाहिनीचा जो फुगवटा डावीकडे दिसतो, तो उजवीकडे होता. वाकडं उभं राहिलं की सावली सरकते, म्हणून मी तुझ्यावर डाफरले, वाकडी उभी राहतेस, सरळ उभी राहा. खांदे धरून तुला नीट केलं, दुसरी काढली. तीही तशीच आली. तुला मेलं सरळ उभंच राहता येत नाही, म्हणून चरफडत दोन्ही फिल्म रद्दीच्या खोक्यात टाकल्या. खोकला गेला, बाईंना दाखवायचं राहिलं. उजवीकडची कमान हे शब्द बाईंच्या तोंडून ऐकले तेव्हा ती फिल्म माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि मी बेरियमचा कप पुसत राहिले.

तू असतीस तरी हा कागद मी तुझ्या हातात दिला नसता. एवढा धीर अजूनही नाही. तू दोन्ही वेळा सरळच उभी होतीस, आई.