जावयाने दाखवलेला समुद्र

सोमवार, ५ ऑगस्ट

पोचले. दोन बसा बदलून सात तास. ग्रिसेल स्टँडवर आली नाही, जावई आला. एल्बियोने बॅग हातातून घेतली, गालाला गाल लावला. "सासूबाई, ऑगस्टच्या थंडीत कोण येतं पुंता देल एस्तेला? शहाणी माणसं जानेवारीत, उन्हाळ्यात येतात."

मी म्हटलं, "जानेवारी श्रीमंतांची. मला ऑगस्ट पुरे."

हसला. छान हसतो.

समुद्रासमोर बावीस मजले आणि सगळ्या हिवाळ्यात आत दोनच माणसं – हे राखणदार नवरा-बायको. घरांचे मालक ब्वेनोस आयरेसला. यांची खोली तळमजल्यावर, गाड्यांच्या जागेमागे. ग्रिसेल फार वाळली आहे. मिठी मारली तर हाताला नुसता स्वेटर लागला. बापाच्या मातीला आली होती, त्यानंतर आज भेटली. चौदा महिने झाले.

"एप्रिलपासून फोन का नाही गं?"

उत्तर एल्बियोने दिलं. "मोडलाय तो."

मंगळवार, ६ ऑगस्ट

दीपस्तंभ पाहिला. मग बंदर. मासळी कापणाऱ्यांच्या पायाशी समुद्रसिंह कुत्र्यासारखे बसतात, तुकडा मागतात. माझ्या नवऱ्याला, आदेमारला, हे आवडलं असतं. संध्याकाळी एकटीच 'माते'चा कडू पाल्याचा चहा नळीने ओढत बसले, तो गेल्यापासून चव लागत नाही.

ग्रिसेल आली नाही. "तिला घरं उघडायची आहेत," एल्बियो म्हणाला. ते खरंच काम आहे. बंद घरांना बुरशी धरते, म्हणून रोज चार-पाच घरांच्या झडपा वर करायच्या, हवा खेळवायची. गेल्या हिवाळ्यात ती फोनवर सगळं सांगायची – आज कितवा मजला, किती गाद्या उलटल्या. "आग्नेयेचा वारा सुटला की मला सुट्टी, आई. एक खिडकी उघडली तर खारं पाणी थेट मालकाच्या गादीवर."

बुधवार, ७ ऑगस्ट

वाळूतून वर आलेली ती सिमेंटची बोटं पाहिली. उन्हाळ्यात तिथे फोटोसाठी रांग लागते म्हणे. आज मी आणि एक कुत्रा. बुडणाऱ्या माणसाची बोटं आहेत ती, असं कुठेतरी वाचलं होतं. एल्बियो म्हणाला, "हसा, सासूबाई."

पाव आणायला कोपऱ्यावर गेले, तर तोही बरोबर. दुकानवाली दोरिता तोंडाची फटकळ. "राखणदाराची सासू का तुम्ही? छान. आता बायकोही दाखव की रे. का तिलाही हंगाम संपला म्हणून कापड घालून ठेवलंस?" एल्बियो सगळ्यांत मोठ्याने हसला. रस्त्यात मात्र माझ्या चार पावलं पुढे चालला.

गुरुवार, ८ ऑगस्ट

पहाटेपासून आग्नेयेचा वारा. दारं वाजताहेत. तरी त्याने मला गाडीत घातलं. लाटेसारखा वर-खाली जाणारा पूल आहे, त्याच्यावरून दोनदा नेलं. "पोटात गोळा आला ना?" मी म्हटलं, "आता परत चल."

परतताना इमारतीकडे पाहिलं. बावीस मजले, एकही झडप वर नाही.

"ग्रिसेल कुठे?"

"नवव्या मजल्यावर. हवा खेळवतेय."

मी मान डोलावली. भाताच्या मुलखातल्या बाईला समुद्राच्या वाऱ्याचं काय कळतं, असं त्याला वाटत असणार. वाटू दे.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

चाव्यांच्या फळीवर एकच खिळा रिकामा. ९०३. ती चावी त्याच्या जुडग्यात आहे.

शनिवार, १० ऑगस्ट

पाऊस, म्हणून रिवाजाप्रमाणे तोर्ता फ्रिता, साखरेच्या पुऱ्या, तळल्या. एल्बियो अंघोळीला गेला. सहा दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघीच. पाण्याचा आवाज येत होता तोवर बोललो.

"बाहेरून कुलूप लावतो ना?"

तिने पुरी उलटली. "रोज नाही."

"मारतो?"

"आई, तेल तापलंय."

मग झाऱ्याकडे बघत म्हणाली, "तू आहेस तोवर गोड आहे तो. तू सोमवारी जाशील. दोरिता जे बोलली ना, ते त्याने ठेवून दिलंय. सोमवारनंतर काढेल."

"चल माझ्याबरोबर."

"तो स्टँडपर्यंत सोडायला येणार. मला वरच ठेवून."

पाणी बंद झालं. त्याच क्षणी ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "साखर अजून भुरभुरवू का, आई?" तो आवाज मला ठाऊक आहे.

एल्बियोने चार खाल्ल्या. ग्रिसेलच्या कपाळाला ओठ लावले. तिने डोळे मिटले नाहीत.

रविवार, ११ ऑगस्ट

बसमध्ये लिहितेय. अक्षर धड येत नाही. अक्षरं मी मोठेपणी, तांदळाच्या पोत्यांवरून शिकले, धड कधीच नव्हती.

सकाळी म्हटलं, "उद्या जायचं, देवमासे राहिले बघायचे." एल्बियो खूश झाला. "अस्सं. मागा ना काहीतरी, सासूबाई!" ग्रिसेलला लिफ्टने वर नेऊन आला, मग निघालो.

टेकडीखाली, किनाऱ्यापासून हाकेवर, एक मादी आणि पिल्लू. वीसेक माणसं होती. त्याला जवळून फोटो हवा होता. खडक निसरडे, म्हणून थर्मास आणि चाव्यांचं जुडगं माझ्याकडे दिलं. "सांभाळा. माझं सगळं तुमच्या मांडीवर."

शेपूट वर आली. सगळे ओरडले. मी थर्मास दगडावर ठेवला आणि रस्त्याकडे चालू लागले. पळाले नाही. पळणाऱ्या म्हातारीकडे लोक बघतात. गाडीचीही चावी त्याच जुडग्यात, त्यामुळे तो पायीच राहिला. बस आली. आली नसती तर काय, याचा विचार अजून केलेला नाही.

इमारतीत येऊन ९०३ चं कुलूप उघडलं, आत सोफ्यांवर पांढरी कापडं. ग्रिसेल एका कोपऱ्यात फरशीवर. लिफ्टमध्ये तिने पहिलं वाक्य उच्चारलं, "त्याने चावी दिली?"

"दिली."

तिचा कोट राहिला. माझा तिच्या अंगावर आहे. शेजारी झोपली आहे, तोंड उघडं टाकून.

मंगळवार, १३ ऑगस्ट

व्हेर्गारा, आपलं गाव. चौकीत तक्रार दिली. लिहून घेणाऱ्या पोलीस बाईने विचारलं, "आजी, तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं?" मी वाऱ्याचं सांगितलं. तिने ते लिहून घेतलं. त्याला इथे फिरकायला मनाई करणारा कागद निघेल. तोवर ग्रिसेल माझ्या खोलीत झोपेल. दाराची कडी आतून आहे, तिला दोनदा दाखवली.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

आज मटार सोलताना तिने विचारलं, "बाबा तुला गोदामात कोंडायचे, तेव्हा तुला सोडवायला कोण यायचं?"

चौदा महिने या वहीत मी आदेमारसाठी रडते आहे. हे एकदाही लिहिलं नाही.

म्हटलं, "कोणी नाही."

"मी यायचे," ती म्हणाली. "कडीला हात पुरायचा नाही."